गुंगी सरांचा आवाज

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांना सगळे गुंगी सर म्हणत. हे नाव कुठल्या तुकडीनं ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही. मी त्यांच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसले तेव्हा ते रुळलेलं होतं, आणि पुढे त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले तेव्हाही ते तसंच होतं. सरांना ते ठाऊक होतं. कोणी चुकून तोंडावर म्हटलंच, तर ते चष्मा पुसत आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवत.

त्यांचा आवाज वाईट मुळीच नव्हता. जाडसर, एका पट्टीतला, मध्येच कुठेही न अडखळणारा. दुपारच्या तासाला ते फळ्याकडे वळून बोलायला लागले, की आधी मागचा बाक जायचा, मग खिडकीकडची रांग, मग पुढचे हुशार लोक हातावर हनुवटी टेकवून डोळे उघडे ठेवायची धडपड करायचे आणि हरायचे. मीही हरलेली आहे. गुंगी सरांच्या तासातली झोप ही माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली झोप, असं मी आजही शपथेवर सांगेन. ती गाढ असायची, तिच्यात स्वप्नं पडायची आणि स्वप्नांत प्रकाशाचे किरण, लंबक, भिंगं असं काहीबाही तरंगत असायचं. परीक्षेत त्यातलं थोडंफार उपयोगी पडे, ते कसं हे देव जाणे.

माणूस मात्र कधी चिडला नाही. बाकीचे मास्तर खडू फेकून मारत, उभं करत, अब्रू काढत. गुंगी सर फळ्याकडून वर्गाकडे वळत, झोपलेली डोकी बघत, क्षणभर थांबल्यासारखे होत आणि पुन्हा बोलू लागत. एवढंच. पण एकदा, मी नोकरीला लागल्यावर, चहा पिताना ते मला म्हणाले होते की एखादा तास तरी असा व्हावा, की मी सुरुवात करावी आणि शेवटपर्यंत कोणीतरी जागं असावं. मी हसले. ते हसले नाहीत.

घरी मात्र त्यांना ऐकणारं माणूस होतं. काकू. सर तरुण असताना काकूंच्या भावाला पुस्तक परत करायला त्यांच्या घरी गेले. भाऊ बाहेर गेलेला. अंगणातल्या झाडाखाली काकूंचे वडील आणि मामा जेवून सुस्तावून बसले होते. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले होते. सरांना राहवलं नाही. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असूनही कवडसे गोल का पडतात, हे त्यांनी सांगायला घेतलं. वडील पेंगले, मामा तर घोरायलाच लागले. दारात उभ्या असलेल्या काकूंनी तेवढं विचारलं, "मग?" सर म्हणायचे, त्या एका शब्दावर माझं लग्न झालं. तेव्हापासून जेवताना, भांडी पुसताना, कपडे वाळत घालताना सर बोलत आणि काकू मध्येच "मग?" म्हणत. त्या आवाजानं अख्खं गाव झोपलं असेल, काकू कधी झोपल्या नाहीत.

आणि आता तर त्या झोपतच नव्हत्या. त्यांची आई बरेच महिने अंथरुणाला खिळली होती. काकूंनी रात्रंदिवस उशाशी बसून श्वास मोजले. एका दुपारी खुर्चीतच जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा आई गेलेली होती. त्यानंतर काकूंच्या डोळ्याला डोळा लागेना. डोळे मिटले की छातीत धस्स व्हायचं आणि त्या उठून बसायच्या. गोळ्या घेतल्या तर भिंत धरून चालावं लागे. एकदा जिन्यावरून घसरल्या. चेहरा पार सुकून गेला, हात थरथरू लागले, दुधाचं पातेलं हातातून निसटू लागलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की हे असंच चाललं तर हृदयावर येईल. सर त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत घरी जाऊन काकू ठीक आहेत ना, हे बघून येऊ लागले.

याच सुमारास मानसशास्त्राच्या बाईंच्या डोक्यात संशोधन शिरलं. बाई हुशार आणि भयंकर उत्साही. आमचं कॉलेज एवढंसं, प्रत्येक विभागात दीड माणूस, त्यामुळे संशोधन करायचं तर सगळ्यांनी मिळूनच, असं त्यांचं म्हणणं. विषय त्यांनी सगळ्यांसमोर मांडला: गुंगी सरांच्या आवाजात असं काय आहे, की त्यानं झोप येते? ते शोधून काढलं, तर निद्रानाशाच्या रोग्यांना गोळीऐवजी आवाज देता येईल. बैठकीत हशा पिकला. मी सरांकडे बघितलं नाही, मला भीती वाटली. बाईंना त्यात थट्टा वाटलीच नव्हती, त्या खरोखरच्या निरागस. सर उठून निघून जातील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "आवाजातलं नेमकं काय ते सापडलं, तर मला ते एका माणसासाठी हवंय." हशा थांबला. काकूंबद्दल सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मग जो तो कामाला लागला. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी आपली वाळलेल्या पानांची खोली दिली. कॉलेजातली सर्वांत शांत जागा तीच. चारही बाजूंना लाकडी कपाटं, कपाटांत कागदावर चिकटवलेली वाळकी पानं, सगळीकडे जुन्या गवताचा वास, खिडकीला हिरवा पडदा. नर्सिंगच्या सिस्टरनी मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी इस्पितळातून उसनी आणली. संगीताचे मास्तर सरांच्या आवाजाची पट्टी शोधत तंबोरा घेऊन बसले. सरांनी स्वतः ध्वनी मोजणारं यंत्र जोडलं. माझ्याकडे आकडे. निद्रानाश असलेल्या गावातल्या माणसांना बोलावणं गेलं. बेकरीवाला आला, बसचा वाहक आला, पोस्टातल्या बाई आल्या, केस कापणारा आला, एक धिप्पाड सुतार आला. एकेकाला पलंगावर निजवायचं, डोक्यावर टोपी घालायची आणि सरांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून प्रकाशाचा धडा सांगायचा.

त्या दुपारी माझ्या मनात अजून तशाच आहेत. पडद्याला बारीक भोकं होती, त्यांतून कपाटांवर उन्हाचे गोल ठिपके पडत आणि हळूहळू एका कपाटावरून दुसऱ्यावर सरकत. पंखा फिरायचा. बाहेर कुठेतरी कोणी नळ सोडायचं. सरांचा आवाज पाण्यासारखा वाहत राहायचा आणि कागदावर टोपीला जोडलेल्या यंत्राची सुई आधी झपझप, मग सावकाश, मग लांबच लांब लाटा काढू लागायची. मी आकडे लिहिताना स्वतःच पेंगायचे, आणि सिस्टर मला कोपरानं ढोसायच्या. महिनोन्महिने न झोपलेली माणसं एकामागून एक झोपत होती. बेकरीवाला उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला की मला वाटलं होतं मी हे विसरलो.

आम्ही सगळे तरंगत होतो. बाई शोधनिबंधाचं शीर्षक जुळवायला लागल्या. संगीताच्या मास्तरांनी जाहीर केलं की गुपित पट्टीत आहे, ती पट्टी तंबोऱ्यावर धरली की झालं. त्यांनी सरांचं बोलणं टेपवर भरून घेतलं आणि सर ती टेप घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी विचारलं. सर म्हणाले की तुमची काकू शेवटपर्यंत ऐकत बसली, आणि टेप संपल्यावर म्हणाली की दुसऱ्या भागात तुमचा एक मुद्दा राहिला. ते हसत होते, पण डोळ्यांखाली काळं दिसत होतं, कारण काकू झोपल्या नाहीत तर तेही झोपत नसत.

सुताराची पाळी त्या आठवड्यातली. एवढा मोठा माणूस पलंगावर मावेना, पाय बाहेर. सर बोलायला लागले. थोड्या वेळानं सुताराची मान डावीकडे कलली, तोंड किंचित उघडलं, आणि एक हात आपोआप गालाखाली गेला. सर बोलता बोलता त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. धडा संपवून ते बाहेर आले ते पांढरेफटक होऊन.

"हा माझा विद्यार्थी आहे," ते म्हणाले. "खिडकीकडून तिसरा बाक. असाच झोपायचा, गालाखाली हात घेऊन."

बाईंना कळेना. सर मग एकेकाचं सांगू लागले. बेकरीवाला झोपला की कपाळाला आठ्या घालतो, तो शेवटच्या बाकावरचा. पोस्टातल्या बाई दोन्ही वेण्या पुढे घेऊन डोकं टेकवायच्या, आता वेण्या नाहीत पण हात तसेच जातात. वाहक पुटपुटतो. सगळे त्यांच्या वर्गातून गेलेले होते. सर आपल्याला ओळखतातच असं समजून कोणी काही बोललं नव्हतं, आणि दारातून आत येताना सरांनी एकालाही ओळखलं नव्हतं. कसं ओळखणार? त्या बिचाऱ्यांना त्यांनी जागं कधी पाहिलंच नव्हतं. माणसं झोपली तेव्हा ती सरांना ओळखू आली.

मला कपाळाला हात लावायचाही धीर झाला नाही. गाव एवढंसं, कॉलेज एकच, निवड करणारे आम्ही, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की ही सगळी माणसं आधीच वर्षभर याच आवाजात झोपून गेलेली आहेत. संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यातली चूक. बाई रडकुंडीला आल्या. संगीताचे मास्तर तंबोऱ्याला गवसणी घालू लागले. सरांनी हे सांगितलं नसतं, तर आमचा निबंध कुठेतरी छापूनही आला असता. ते मात्र सांगून मोकळे झाले आणि म्हणाले की आता नवी माणसं आणूया, मला खरं काय ते हवंय, खोटं घेऊन मी घरी काय करू.

सिस्टरनी नदीपलीकडच्या गावातून माणसं आणली, ज्यांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं. त्याच खोलीत, तोच धडा, तोच आवाज. ती माणसं टक्क जागी राहिली. एका म्हाताऱ्या बाईंनी तर मध्येच विचारलं, हे अजून किती वेळ चालणार आहे. मग आम्ही जुन्या विद्यार्थ्यांना पुन्हा बोलावून नुसती टेप ऐकवली. संगीताच्या मास्तरांच्या मते टेपमध्ये पट्टी तीच, लय तीच, केसाचाही फरक नाही. तेही झोपले नाहीत. सुतार कूस बदलत राहिला आणि शेवटी उठून बसला. सर कुठे आहेत, असं त्यानं विचारलं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे पानांच्या खोलीत कागद पसरून बसलो होतो. बाईंच्या हातात मेंदूच्या लहरींचे कागद, सरांच्या हातात ध्वनीचे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला काहीतरी दिसलं आणि मी ते कागद खिडकीशी धरले. जिथे जिथे माणसाच्या लहरी संथ होत होत्या, तिथे तिथे सरांचा आवाज खाली उतरत होता. प्रत्येक वेळी. माणसाचे डोळे मिटले की सर हळू बोलत. सरांना हे ठाऊकच नव्हतं. मला वर्गातला तो क्षण आठवला, फळ्याकडून वळून ते थबकायचे तो. आम्हाला वाटायचं, ते खट्टू होतात. ते आम्ही जागे होऊ नये म्हणून आवाज उतरवत होते.

बाईंनी दोन्ही कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा जुळवून पाहिले. मग त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या आवाजात काहीच नाही. तुम्ही आहात, एवढंच आहे. आपण झोपलो तरी हा माणूस जागा आहे आणि आपल्याला काही करणार नाही, हे या पोरांना माहीत होतं."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. लहानपणी ते आईच्या शिवणयंत्राच्या आवाजात झोपत, आणि यंत्र थांबलं की जागे होत, एवढं काहीतरी ते स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले की हे छान आहे, पण माझ्या उपयोगाचं नाही. ही मला तीस वर्षं ओळखते, मी शेजारी जागा बसतो, तरी हिला झोप येत नाही. ही ऐकते. मला त्यांचा राग आला, कारण ते इतके शांतपणे बोलत होते. मी म्हटलं, "मग सर, त्यांना सांगा की ऐकू नका." मी ते चिडून म्हटलं होतं, पण सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काही शहाणपणाचं बोलले होते.

टोपी इस्पितळात परत जायच्या आदल्या दुपारी काकू आल्या. सरांचा डबा घेऊन आल्या होत्या, जिन्यावरून चढताना दम लागला होता, म्हणून सरांनी त्यांना पानांच्या खोलीतच बसवलं. मी शेजारच्या खोलीत कागद आवरत होते. मधलं दार उघडं होतं. उठून जायला हवं होतं, पण मी गेले नाही.

सर त्यांना म्हणाले की जरा आडवी हो. काकू म्हणाल्या, नको, तुम्ही बोला, मी बसूनच ऐकते.

"आज ऐकू नकोस," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे लक्ष ठेवू नकोस. आज मी ठेवतो."

 काकू अगदी हळू म्हणाल्या, "अहो, मी तेव्हा डोळा मिटला होता. जरासाच. आणि आई गेली."

"माहीत आहे मला."

"कोणीतरी जागं असायला हवं होतं."

"हो. असायला हवं होतं, आणि ते माणूस मी होतो. मी कॉलेजात कोणाला तरी भिंगं शिकवत होतो." सरांचा आवाज फाटला आणि पुन्हा जुळला. "आज मी कुठे जात नाही. बोलतोय म्हणजे मी जागा आहे. एवढंच समज, बाकी काही समजून घेऊ नकोस."

पलंग करकरला. सरांनी सुरुवात केली ती कवडशांपासून. पानांमधल्या फटी कशा वेड्यावाकड्या असतात, तरी खाली पडणारा उजेड कसा गोल असतो. काकू म्हणाल्या, "मग?" सरांनी सांगितलं की तो गोल फटीचा नसतो, सूर्याचा असतो, झाडाखाली जमिनीवर सूर्याची चित्रं पडलेली असतात. "मग?" काकूंनी पुन्हा विचारलं, पण या वेळी तो शब्द लांबून आल्यासारखा वाटला. सर पुढे गेले. सूर्याला ग्रहण लागलं की खालचा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा होतो, अख्खं अंगण कोरींनी भरून जातं. इथे काकू नेहमी विचारायच्या. मी हातातले कागद धरून वाट बघत राहिले. सरही एक क्षण वाट बघत होते, ते मला कळलं.

काकूंनी काही विचारलं नाही.

मी दारातून डोकावले. काकू कुशीवर निजल्या होत्या, एक हात पलंगाबाहेर, ओठ सैल. कपाटांवरचे ठिपके सरकत सरकत त्यांच्या पांघरुणावर आले होते. सर स्टुलावर बसून बोलत होते, आवाज उतरत उतरत कुजबुजीवर आला होता, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांचा एकुलता एक श्रोता झोपला होता. त्यांना किती आनंद झाला होता आणि किती एकटं वाटत होतं, ते मला एकाच चेहऱ्यावर दिसलं.

ते थांबले नाहीत. कवडसे संपले तसे सावल्यांवर आले, सावल्या संपल्या तसे आरशांवर. पुढच्या तासाची घंटा झाली. बाईंनी जाऊन सरांच्या वर्गाला सुट्टी दिली. आवाज बसायला लागला तेव्हा संगीताचे मास्तर चवड्यांवर चालत टेप घेऊन आले, की आता ही लावू, तुम्ही विसावा घ्या. सरांनी बोलता बोलताच मान हलवून नको म्हटलं. मी पाण्याचा पेला नेला, तो त्यांनी दोन वाक्यांच्या मध्ये घोट घोट करून संपवला. आरसेही संपले. मग ते पदार्थविज्ञान सोडून भलतंच सांगू लागले: काकूंच्या अंगणातलं ते झाड, मामांचं घोरणं, लग्नानंतरची पहिली गळकी खोली, न झालेल्या मुलाला ठेवायचं म्हणून दोघांनी ठरवलेलं नाव. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी मधलं दार लोटून घेतलं.

उन्हं उतरली तेव्हा त्यांचा घसा पूर्ण बसला आणि ते गप्प झाले. मी लोटलेलं दार जरासं उघडलं. वर्गात तास संपून ते थांबले की आम्ही सगळे खडबडून जागे व्हायचो. काकू जाग्या झाल्या नाहीत. बऱ्याच वेळानं, पडद्याचा हिरवा रंग काळपट व्हायला लागल्यावर, पलंग पुन्हा करकरला.

"मग?" काकूंनी विचारलं. आवाज झोपेनं जड होता.

"मग तू झोपलीस," सर घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढे काय बोलावं ते सुचेना.